हिरव्या रेघेच्या प्लेटा

प्रिय घाईबाई,

तुझं पत्र येऊन आज एकोणीस दिवस झाले. पोस्टमन एरवी समोरच्यांची बेल वाजवतो आणि मी आत बसून त्यांचं दार उघडल्याचा आवाज ऐकते. त्या दिवशी माझी बेल वाजली तेव्हा मला वाटलं, हात चुकला असेल त्याचा. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा उठले. पाकिटावरचं अक्षर बघताक्षणी ओळखलं, उजवीकडे पळत सुटलेलं, कान्या-मात्रांना मागे टाकून. अकरा वर्षांनी, अगं! उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग चष्मा पुसून परत वाचलं. गॅसवरची भाजी करपली. करपू दे म्हटलं, रोजच खाते की.

तुझ्या शाळेचं वाचून बरं वाटलं. प्रयोगशाळेतलं बेसिन फुटकं आहे आणि मुलं सूक्ष्मदर्शकातून आधी स्वतःच्या पापण्याच बघतात, हे वाचून एकटीच मोठ्यानं हसले. मग त्या रुग्णालयाच्या लोकांचं लिहिलंयस, जखमांमधल्या जंतूंच्या कामासाठी तुला बोलावताहेत, तीस तारखेपर्यंत हो की नाही कळवायचंय. आणि पुढच्याच ओळीत लिहिलंयस की तू नाही म्हणणार. ‘मावशी, माझ्या हाताचा मलाच भरवसा नाही, रुग्णाच्या जिवाशी कसं खेळू?’ ती ओळ वाचून मी पत्र घडी घालून ठेवलं होतं. पण त्याच्याही पुढे तू जे लिहिलंस ना, की त्या सगळ्या दिवसांत तुम्ही एकट्याच अशा होतात ज्यांनी मला खोटं ठरवलं नाही, त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले, ते वाचल्यापासून मला जेवण गोड लागत नाहीये. म्हणून उत्तराला उशीर झाला. आणखीही एक कारण आहे, पण ते क्रमाने येऊ दे. तू नेहमी शेवटचं पान आधी वाचायचीस. हे पत्र तसं वाचू नकोस.

माझं म्हणशील तर ठीक आहे. हे गेले त्याला सहा वर्षं होतील. खोली तीच, दुसऱ्या मजल्यावरची. जिने आता मोजून चढते, अठरा आणि अठरा. कुकर लावला की अजून माझी नजर भिंतीवर काटा शोधते, दाब किती झाला बघायला. तीस वर्षं प्रयोगशाळेतल्या मोठ्या कुकरपुढे उभी राहिलेली बाई आहे मी, शिट्ट्यांवर विश्वास बसत नाही. दिवस बरा जातो, संध्याकाळ जाता जात नाही. मागच्या महिन्यात एकदा घसा खाकरला आणि लक्षात आलं, भाजीवाल्याला ‘अर्धा किलो’ म्हटल्याला पाच दिवस झाले, त्यानंतर तोंडातून शब्द नाही. रेडिओ लावून ठेवते. तो बोलतो, मी मध्येच त्याला काहीतरी उलट बोलते. तू दिलेलं जंतुशास्त्राचं जाड पुस्तक भिंग घेऊन वाचते, दिवसाला दोन पानं. समासात तुझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. काही ठिकाणी ‘मावशींना सांगणे’ असं लिहिलंयस. ते बहुतेक सगळं तू सांगितलंस.

आठवतं का, पहिल्यांदा प्रयोगशाळेतल्या आमच्या स्वयंपाकघरात आलीस ते? बाकीचे संशोधक खिडकीतून चिठ्ठी सरकवायचे, ‘पाच लिटर, उद्यापर्यंत’, आणि गायब. माध्यमं, म्हणजे जंतूंचं जेवण, शिजवणारी बाई म्हणजे त्यांच्या लेखी भिंतीतलं कपाट. तू मात्र थेट आत आलीस, स्टूल ओढलंस आणि विचारलंस, मावशी, आगर नेमकं किती थंड झालं की दूध घालता? मी त्या गोठत येणाऱ्या खळीची गरम बाटली गालाला लावून दाखवली, इतकी सोसवली की घालायचं. तू पण लावलीस आणि किंचाळलीस. गालावर दोन दिवस लाल डाग मिरवत होतीस. तेव्हाच मी तुझं नाव ठेवलं, घाईबाई. मग रोज चारचा चहा माझ्याकडे ठरला. मी सातवीपर्यंत शिकलेली, मला डब्यांवरची नावं तेवढी वाचता यायची. तू मला त्या डब्यांच्या आतलं शिकवलंस. मी ज्यांना इतकी वर्षं जेवू घालत होते ते कोण, काय खातात, कसे वागतात, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

तुझं सांगणं अजून कानात आहे. जखमेतला जंतू म्हणजे काही भूत नव्हे, मावशी, त्यालाही पोट आहे. आपलं मांस म्हणजे त्याच्या दृष्टीनं प्रथिनांची भिंत, अख्खी गिळता येत नाही. म्हणून तो विकरं सोडतो, प्रथिनं कातरून पचवणारी, आणि भिंत विरघळवून पितो. पण ती विकरं करायला त्याला जीव आटवावा लागतो, त्यामुळे तो ती उगाच करत नाही. मी म्हटलं, म्हणजे घरात तयार पीठ असलं की दळायला कोण बसतो, तसं? तू टाळी वाजवलीस. अगदी तसं! आसपास आयतं अन्न असलं की तो ते काम बंद ठेवतो, संपलं की सुरू करतो. शिवाय कातरी स्वतःच्याच अंगात चालू नये म्हणून तिला म्यान घालून बाहेर धाडतो, म्यान बाहेर गळून पडतं. मी म्हटलं, आमच्या सासूबाईंना हे जमलं नाही कधी. चहा नाकातून आला होता तुझ्या. आणि एकट्या जंतूचं सांगितलं होतंस ते तर मी अजून मनात घोळवते. तो एकटा असताना एक बारीकसा निरोप बाहेर सोडत राहतो, आहे का कुणी, आहे का कुणी. आजूबाजूला कुणी नसलं तर तो निरोप वाहून जातो आणि तो गप्प बसून राहतो. गर्दी झाली, चहूकडून तेच निरोप येऊ लागले, की मगच सगळे मिळून हल्ला करतात. त्या बिचाऱ्याची तेव्हा मला फार दया आली होती. तू म्हणालीस, मावशी, तो रोगजंतू आहे. असेना, म्हटलं.

तीच दया मला भोवली, घाईबाई. भोवली तुला, खरं तर. पण थांब, क्रमाने.

तुझा तो लंगडा. जळिताच्या वॉर्डातून आणलेल्या जंतूची एक कळ तू मोडली होतीस, आणि ती कळ म्हणजेच विकरं चालू-बंद करणारं मुख्य बटण आहे हे तुला दाखवायचं होतं. चांगल्या जंतूच्या प्लेटांना मी कडेला निळी रेघ मारायची, लंगड्याच्या प्लेटांना हिरवी. हिरव्यांत ते औषध घालावं लागायचं, मोडलेली कळ मोडलेलीच राहावी म्हणून, त्यामुळे त्यांची बॅच नेहमी वेगळी. दोन्हींत पांढरंशुभ्र दूध. जंतूनं विकर सोडलं की त्याच्याभोवतीचं दूध पचून काचेसारखं नितळ कडं उमटायचं. निळ्या रेघेवर कडी उमटायची, दुसऱ्या दिवशी पैशाएवढी. हिरव्या रेघेवर पहिल्या दोन खेपांना जंतूंच्या वसाहती इतक्या रोडक्या आल्या की कडं आहे की नाही हेच कळेना. तू हिरमुसली होऊन बसलीस, चहा तसाच निवला. तिसऱ्या खेपेपासून मात्र त्या तरारल्या, छान टपोऱ्या, आणि त्यांच्याभोवती दूध जसंच्या तसं पांढरं. कडं नाही! तू मला धरून गरगर फिरवलंस. मावशी, बघा कशा वाढल्यात, आणि विकराचा पत्ता नाही, बटण सापडलं! मी म्हटलं, माझ्या हाताची चव आहे ती. तू म्हणालीस, हो तर. दोन वर्षं, किती वेळा केलंस ते काम, दर वेळी तेच. आपल्या प्रयोगशाळेच्या सरांनी शोधनिबंध धाडला. तुझ्या नावाआधी त्यांनी स्वतःचं नावसुद्धा लावलं नाही, तुझंच पहिलं.

मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आलं. तीन आठवडे मी घरी, पट्टी बांधून. माझ्या जागी काचसामान धुणाऱ्या काकांना बसवलं. काका म्हणजे सरळ माणूस, कृती भिंतीवर चिकटवलेली, तिच्यात लिहिलंय तेवढं काट्यावर तोलायचं, कणभर इकडेतिकडे नाही. नेमकं त्याच आठवड्यांत सरांनी दुसऱ्या एकाला तुझं काम पडताळून बघायला सांगितलं. हिरव्या रेघेवर कडी उमटली. तुला बोलावलं, दोघांच्या देखत करायला लावलं. परत कडी. बारीक वसाहती, पण या वेळी दोन दिवस जास्त ठेवल्यानं स्पष्ट कडी. निबंध मागे घेतला. कुणी म्हणालं, हातचलाखी. कुणी जरा सौम्यपणे म्हणालं, घाई केली असेल, नावच घाईबाई आहे. ते नाव मी प्रेमानं ठेवलेलं. लोकांनी ते तुझ्यावर शिक्क्यासारखं वापरलं. मी पट्टी काढून कामावर आले तेव्हा तुझं स्टूल भिंतीशी उलटं करून ठेवलं होतं.

तू घरी आलीस निरोप घ्यायला. हे तेव्हा होते, दारातच तुझ्यासाठी पंखा लावायला धावले. तू बसलीच नाहीस. म्हणालीस, मावशी, मी जे दिसलं तेच लिहिलं हो. मी म्हटलं, मला माहीत आहे. एवढंच म्हटलं मी. त्या तीन शब्दांसाठी तू आता, अकरा वर्षांनी, चार पानं भरून आभार मानलेस.

तर ऐक. त्या तिसऱ्या खेपेपासून हिरव्या रेघेच्या बॅचमध्ये मी यीस्टच्या अर्काची पावडर घालत होते. चहाचा एक चमचा, शीग लावून. कृतीत नव्हती, काट्यावर तोलली नाही, वहीत लिहिली नाही. तुझा पडलेला चेहरा बघवला नाही आणि त्या रोडक्या वसाहती बघवल्या नाहीत. लंगडं आहे, औषध घातलेलं गिळावं लागतंय, त्याला जरा जास्त वाढावं, एवढंच डोक्यात. धडधाकटांना काय, ते वाढतातच. निळ्या रेघेत मी कधीच काही घातलं नाही. घरी दोन पोरं असती आणि एक किरकोळ असतं तर कुठल्याही बाईनं केलं असतं ते मी केलं. मला पोरं नव्हती, ही एक हौस राहिली होती म्हण. आणि त्या पावडरीत काय असतं ते तूच मला शिकवलं होतंस, आयतं दळलेलं पीठ. पुढ्यात आयतं असल्यावर तो दूध कशाला पचवत बसेल? विकरं बंद होती ती तू मोडलेल्या कळीमुळे बंद नव्हती, पोट भरलेलं होतं म्हणून बंद होती. काकांनी काट्यावर तोलून केलं, जंतू उपाशी राहिला, कडं उमटलं. तू जे पाहिलंस ते खरं होतं, पोरी. ते मी शिजवलेलं होतं.

मला हे कधी कळलं ते विचारशील. तू गेल्यावर आठ दिवसांनी, काकांशी बोलता बोलता. ते म्हणाले, वहिनी, हिरव्या बॅचचं माध्यम तुमचं जरा पिवळसर दिसायचं, माझं का नाही दिसत? माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. पण मी काय केलं माहीत आहे? म्हटलं, डबा जुना असेल हो. आणि त्या दिवसापासून चमचा घालणं बंद केलं. तेव्हाच सरांकडे गेले असते तर तू गावातसुद्धा होतीस अजून, तुझी खोली सुटायची होती. मी स्वतःला समजावलं, नक्की थोडंच माहीत आहे, मी सातवी शिकलेली, मला काय कळतंय, एका चमच्यानं कुठे एवढं होतं. शिकवलेलं सगळं आठवत असून मी अडाणी व्हायचं ठरवलं. सर पाहुण्यांना माझ्या स्वयंपाकघरात आणून सांगायचे, या बाईंची तीस वर्षांत एक बॅच वाया गेली नाही. ते ऐकायची मला चटक लागली होती. शिवाय आतून खरं सांगायचं तर वाटायचं, कधीतरी तू येशील, चहाला बसशील. हे सांगितलं तर ते पण गेलं. तू आलीच नाहीस आणि मी गप्प राहिले ते राहिलेच.

तुझं पत्र आलं नसतं तर अशीच गेले असते वरती. पण तू लिहिलंस की तुला तुझ्या हाताचा भरवसा नाही, तेव्हा मला माझं अडाणीपण पुढे चालवता येईना. दुसऱ्या दिवशी नीट साडी नेसून बसनं प्रयोगशाळेत गेले. दारावरचा माणूस नवा, आत सोडेना. आवारातल्या दवाखान्यात नातेवाईक दाखल आहे का विचारत होता. स्वयंपाकघरात आता एक ताई असते, चटपटीत, डब्यांवर छापील लेबलं. तिला म्हटलं, मला दोन बॅच करायच्यात, माझ्या हातानं. ती हसली, आजी, आता यंत्रच ओतून देतं. मग माझं तोंड बघून तिनं मला ॲप्रन दिला. तुझा लंगडा फ्रीझरच्या तळाशी अजून होता, कुपीवर तुझं पळतं अक्षर. ताईच्या ओळखीच्या एका संशोधक मुलीनं तो जागा करून दिला. मी अर्ध्या प्लेटा कृतीप्रमाणे केल्या, अर्ध्यांत चमचा. इतक्या वर्षांनी ओतल्या तरी एकाही प्लेटवर बुडबुडा आला नाही, हे आपलं तुला सांगते. एकदा करून थांबले नाही, तू म्हणायचीस तीनदा केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. तीनदा केलं, त्यातच हे दिवस गेले. साध्या प्लेटांवर तिन्ही वेळा कडी. चमच्याच्या प्लेटांवर तिन्ही वेळा काही नाही, टपोऱ्या वसाहती आणि शुभ्र दूध. ती मुलगी प्लेट उजेडात धरून म्हणाली, आजी, हा तर फार सुरेख निकाल आहे. मी ॲप्रनची घडी घालून ताईला दिली आणि सर कधी भेटतील ते विचारलं.

काल सरांकडे गेले. केस पांढरे झालेत, कानाला यंत्र आहे, त्यामुळे मला हे सगळं मोठ्यानं ओरडून सांगावं लागलं. बाहेर बसलेल्यांनीही ऐकलं असणार. बरंच झालं. सर बराच वेळ प्लेटा उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, मी त्या मुलीला दहा प्रश्न विचारले, माध्यम कुणी केलं हे मात्र विचारलं नाही. माझ्यावर रागावले नाहीत, त्याचा मला जास्त त्रास झाला. ते तुला पत्र लिहिताहेत, प्रयोगशाळेच्या कागदावर, सहीशिक्क्यासह, आणि त्याची एक प्रत त्या रुग्णालयाला धाडणार आहेत. सोमवारी टपालात पडेल. म्हणून मी आज शनिवारीच बसले. ती गोष्ट तुला शिक्क्याच्या कागदावरून कळू नये, माझ्याकडून कळावी, एवढ्यासाठी हे पत्र. तुझे आभार मी परत पाठवते आहे, ते माझे नव्हते. रागाव, शिव्या घाल, उत्तर लिहू नकोस, चालेल मला. पोस्टमन समोरच्यांकडे जातोच आहे. फक्त तीस तारखेला त्यांना हो म्हण. आणि तिथे रुजू झालीस की पहिल्याच दिवशी खाली जाऊन तिथलं माध्यम कोण शिजवतं ते बघ, तिच्याशेजारी बस, आणि ती कितीही मायाळू असली तरी तिच्या काट्यावर नजर ठेव.

तुझीच,
मावशी म्हणवलं तर मावशी